मोठेरावांच्या डोक्याचं माप

ता. ४, सोमवार

मी बाळाला पाडलेलं नाही.

हे आधी, नमस्कार मागून. नमस्कार पुढे घातला असता तर तुम्ही तेवढाच वाचला असता आणि बाकीचं पत्र चष्मा सापडत नाही म्हणून उशाखाली सारलं असतं. मी ओळखून आहे तुम्हाला.

काल तुम्ही तुमच्या लेकीला फोनवर विचारलंत, "तुझ्या सासूबाईंच्या हातून पडला-बिडला तर नाही ना गं?" ती बिचारी फोन घेऊन गॅलरीत गेली होती, दार ओढून. पण शाळेत जन्मभर पोरींना शिवण शिकवून तुमचा आवाज असा झालाय की मधे फोन नसता तरी आला असता. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले, फोन तिच्या हातातून घेतला आणि जे बोलायचं ते बोलले. तुमच्या डोक्यात उजेड पाडायला कुठलं यंत्र लागेल, असं काहीसं बोलले. तुम्ही फोन कट केलात. त्यानंतर माझा एकही फोन उचलला नाहीत. म्हणून हा कागद. कागद कट करता येत नाही. फार तर फाडता येतो, आणि तुम्ही तर कापडसुद्धा खडूची रेघ मारल्याशिवाय फाडत नाही.

आता नमस्कार. विहीणबाई, मी बरी आहे, तुम्हीही बऱ्याच असाल. राग धरण्याइतकी ताकद अंगात असली की माणूस बरंच असतं. मी चार इयत्ता शिकलेली, चुका निघतील. लाल पेन खाली ठेवा आणि वाचा.

तुमची लेक तुम्हाला अर्धं सांगते, तुम्ही घाबराल म्हणून. माझा लेक मला अर्धं सांगतो, मी बोलेन म्हणून. तेव्हा जे मी डोळ्यांनी बघितलं तेच लिहिते.

मोठेरावांना लस टोचायला नेलं होतं. मोठेराव म्हणजे आपला नातू. तुम्ही त्याला काय हवं ते म्हणा, मी मोठेराव म्हणते, कारण आणलेली एकही टोपी त्याच्या कपाळाखाली उतरत नाही. तिथल्या नर्सबाईंनी डोक्याभोवती टेप धरली, कागदावर ठिपका दिला आणि पुन्हा टेप धरली. कपडा बेतणाऱ्यानं दुसऱ्यांदा माप घेतलं की समजावं, काहीतरी गडबड आहे. हे तुम्हाला मी काय सांगायचं? त्या कागदावर वाकड्या रेघा आखलेल्या असतात. पोराचं डोकं आपल्या आपल्या रेघेवरून शहाण्यासारखं वाढत जावं, अशी अपेक्षा. आपले मोठेराव रेघा ओलांडत निघालेत, बाजारात शिरलेल्या वळूसारखे.

म्हणून मग मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे. वयानं तुमच्या लेकीएवढी पोरगी. केस कापलेले, खिशातून रबरी जिराफाची मान बाहेर आलेली. तिनं आधी बाळाला हात लावला नाही, आमचीच डोकी मोजायला काढली. माझा लेक म्हणाला, "माझं कशाला?"

"मोठं डोकं कधी कधी घराण्यातच असतं," ती म्हणाली.

त्याचं मापात बसलं. मी म्हटलं, "बसणारच. आत काही ठेवलंच नाहीये त्यानं." तुमच्या लेकीचंही बसलं. माझं तर इतकं लहान भरलं की ती म्हणाली, आजी, तुम्हाला मुलांच्या दुकानातली टोपी चालेल. मला राग आला नाही. माणूस बोलण्यात पक्कं वाटलं.

मग तिनं विचारलं, "बाळ कधी पडलं होतं का? डोक्याला मार?"

दिवसभर बाळ कुणाकडे असतं? दोघं कामावर जातात. म्हणजे माझ्याकडे. तुमची लेक जमिनीकडे बघायला लागली आणि माझा लेक छताकडे. मी म्हटलं, "नाही."

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता पुढचं.

तुम्ही तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकल्यात की सीटी स्कॅन करून टाका, दोन मिनिटांचं काम. माझ्या लेकाचंही तेच. मोबाइलवर वाचून आला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, सीटी म्हणजे एक्स-रेच, पण साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त. मोठ्या माणसाला त्याचं तितकं नाही. पण बाळाच्या अंगातलं सगळं अजून घडतंय आणि त्या घडणाऱ्या अंगावर तो मारा करायचा तर तसंच कारण हवं. बाळ खेळतंय, पितंय, हसतंय. घाई नाही. घाई नसेल तिथे सगळ्यात सौम्य वाटेनं सुरुवात करायची.

सौम्य वाट म्हणजे सोनोग्राफी. कुठून, तर टाळूवरून! तिथे हाड अजून जुळलेलं नसतं, म्हणजे खिडकी उघडीच. मी अंड्यांचं दुकान इतकी वर्षं चालवलं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तिथून अंडी घेताना नाकाला पदर लावायचात तेही मला ठाऊक आहे. आम्ही डब्याला भोक पाडून आत दिवा ठेवायचो आणि अंडं त्या भोकावर धरायचो. न फोडता आतलं कळतं. मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. ती म्हणाली, "अगदी तसंच, आजी. फक्त इथे उजेडाच्या जागी आवाज. आपल्या कानाला ऐकू न येणारा. यंत्राशिवाय कळत नाही."

मी मनात म्हटलं, आमच्या विहीणबाईंच्या अगदी उलट.

मोठेरावांच्या टाळूवर गार लगदा फासला. त्यांनी तोंडात मूठ घातली आणि भिंतीवर रंगवलेल्या माशांकडे बघत राहिले. रडणं नाही, टोचणं नाही. पडद्यावर सगळं धुकं. मला काही कळलं नाही, आणि मला कळलं असं मी म्हणणारही नाही. तिला कळलं. मधला भाग चांगला आहे, म्हणाली. पण कडेला, कवटीच्या खाली, पाणी पसरल्यासारखं दिसतंय. ते साधं पाणी की जुनं रक्त, एवढं ह्यातून छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कडेचं ह्या खिडकीतून नीट दिसत नाही.

आणि रक्त असेल, तर ते कशानं आलं ह्याचं उत्तर द्यावं लागेल.

म्हणून आता एमआरआय. मोठं लोहचुंबक असतं. एक्स-रे नाही, काही नाही. पण धडाडधूम आवाज, आणि आतलं माणूस अर्धा तास हललं नाही पाहिजे. दोन-तीन वर्षांच्या पोराला त्यासाठी भूल देतात. वेगळे डॉक्टर असतात त्याचे, शेजारी उभे राहून श्वास मोजतात, तेही नीट होतं. पण टाळता आली तर टाळावी. आणि तान्ह्या बाळाची टाळता येते, असं ती म्हणाली. कशी? पोटभर पाजायचं, घट्ट गुंडाळायचं, झोपवायचं, कानात बोळे घालून आत सरकवायचं.

"एवढंच?" मी म्हटलं. "ह्यासाठी डॉक्टर व्हावं लागतं होय?"

"नाही लागत," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला बोलावतेय."

पण मोठेराव चार महिन्यांचे झाले. आणखी थोडे दिवस गेले की आवाजानं उठायला लागतील, मग ही युक्ती चालणार नाही. पुढच्या मंगळवारची वेळ मिळालीय. तुम्ही भरलेलं बदकांचं दुपटं नेणार आहे. त्याशिवाय तो झोपत नाही. कोपऱ्यातलं बदक मुठीत धरतो आणि मगच डोळे मिटतो. माझ्या हातानं शिवलेली दोन दुपटी आहेत, ती तो लाथेनं उडवतो. हे लिहिणार नव्हते, लिहिलं गेलं.

तुमची विहीण

ता. १३, बुधवार

पोस्टमन तुमच्या गल्लीत जात नाही का? की तुम्हाला लिहायचं म्हटलं की कच्चं लिहून मग पक्कं लिहायला लागतं? माझ्या पत्राला उत्तर नाही. लेकीला मात्र रोज फोन. "तब्येत कशी आहे सगळ्यांची" विचारता म्हणे. सगळ्यांत मी धरलेली आहे का ते कळवा.

नमस्कार.

काल झालं नाही.

सांगते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की बाळाला घरून झोपवून आणू नका, पाजून आणू नका. जागं आणि भुकेलं आणा. भुकेल्या बाळाला जागं ठेवणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यानंच सांगावं. गाडीत तुमच्या जावयानं गाणं म्हटलं. झोप उडवायला म्हणून. मोठेरावांची उडालीच, माझीही उडाली, सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच वर घेतली. तुमची लेक त्याच्या तळपायाला गुदगुल्या करत होती आणि स्वतः रडत होती. मी म्हटलं, "रडायला मोठेराव पुरे आहेत, तू कशाला?" मग ती हसली.

तिथे फोटोवाले दादा म्हणून एक आहेत. यंत्र तेच चालवतात. दारात मावत नाहीत एवढे दांडगे आणि बोलतात असं, की जणू खोलीत कायमच कुणीतरी झोपलंय. त्यांनी आमची झडती घेतली. चुंबकाच्या खोलीत धातू चालत नाही. घड्याळ काढा, किल्ल्या काढा. बाळाच्या झबल्याची बटणं बघितली. मला विचारलं, "आजी, अंगात कुठे धातू?" मी म्हटलं, "जिभेत आहे म्हणतात." ते म्हणाले, "ती बाहेरच ठेवा मग." मला आवडला माणूस.

माझ्या अंगावर सेफ्टी पिना निघाल्या. निघतच राहिल्या. ताटली भरली. तुमचा जावई म्हणाला, "आई, तू उभी कशी राहतेस ते आज कळलं."

मग तुमच्या लेकीनं पाजलं. मी गुंडाळलं. खोलीत दिवा मंद. मोठेरावांनी बदक धरलं. डोळे मिटले. फार छान मिटले हो.

मग काहीतरी झालं आणि ते उठले. उठले म्हणजे असे उठले की पलीकडच्या खोलीतले म्हातारबुवा चौकशीला आले. पुन्हा झोपले नाहीत. आमची वेळ संपली, पुढचं पेशंट दारात. फोटोवाले दादा म्हणाले, "होतं असं. एकदा अजून बघू. नाही जमलं तर मग भुलीचं."

काय झालं ते सोडा. तुमची लेक तुम्हाला सर्दी होती म्हणून सांगेल. सर्दी होती असंच समजा.

पुढची वेळ पुढच्या गुरुवारची.

बाकी घरी ठीक. मी हल्ली त्याला घेऊन जमिनीवरच बसते. खुर्ची नको वाटते. गुडघे बोंबलतात, पण जमिनीच्या खाली पडायला जागा नाही.

आणि एक विचारायचं होतं. सहजच. त्या दुपट्यावर तुम्ही बदकं भरलीत, त्यांत तो चकाकता दोरा आहे, तो कशाचा? नुसता रेशमी चकाकणारा, की आत तार? एवढंच कळवा. रागात राहूनही कळवता येईल. एक ओळ पुरे.

तुमची विहीण

ता. २२, शुक्रवार

पाणी.

नुसतं पाणी. स्वच्छ. रक्ताचा टिपूस नाही, आजचा नाही, मागचा नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन आत्ता येऊन गेला. तुमच्या लेकीनं तुम्हाला फोन लावलाच असेल, तुम्ही रडलाच असाल, तेव्हा डोळे पुसून घ्या आणि मग खाली वाचा. कागद ओला करू नका, शाई साधी आहे.

नमस्कार, विहीणबाई. आज मनापासून.

मेंदू छान आहे, म्हणाली. मेंदूच्या बाहेर पाणी थोडं जास्त आहे. काही बाळांना असतं. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत आपलं आपण जिरतं. औषध नाही, ऑपरेशन नाही. मधून मधून टेप धरायची, बस. माझा लेक भिंतीला टेकून खाली बसला आणि बसूनच राहिला. मी म्हटलं, "ऊठ, तिथली फरशी पुसायचीय." काहीतरी बोलायला हवं होतं ना.

आता मागच्या पत्रात जे सोडा म्हटलं ते धरते.

सर्दी नव्हती. तुमचं दुपटं होतं. बाळ झोपलेलं, आत न्यायचं, आणि फोटोवाल्या दादांचा अंगठा त्या बदकावरून फिरला. "ह्यात तार आहे का हो?" मी म्हटलं, "आमच्या विहीणबाईंनी भरलंय ते, शाळेत शिवण शिकवायच्या. त्या काय तार घालतील?" ते म्हणाले, "घातली नसेलही. पण मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी आत नेत नाही. तार असली तर तापते. बाळाला चटका बसेल." तुमच्या बाजूनं मी भांडले, हे लक्षात ठेवा. भांडून उपयोग झाला नाही, आणि होऊ नये तेच बरं होतं. दुपटं काढलं, दवाखान्याची चादर गुंडाळली, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंय.

तुमची लेक गाडीत म्हणाली, "आईला सांगू नका. बाळ पोटात असताना डोळे दुखेपर्यंत भरलंय तिनं ते. मन मोडेल तिचं." आम्ही घरी आल्यावर दुसरी सगळी दुपटी लावून बघितली. माझी, दुकानातली, शेजारणीनं दिलेली. लाथ, लाथ, लाथ. तुम्हाला दोरा विचारला, तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मग मीच कात्री घेतली.

हो. तुमची बदकं मी उसवली. चारही.

आता शिव्या देऊन झाल्या असतील तर ऐका. मी चांगल्या मनानं बसले नव्हते. मी म्हटलं, बघू तरी ह्या बाईंचं काम उलट्या बाजूनं. भरतकाम वरून सगळ्यांचंच गोजिरं असतं, उलटं केलं की गाठी दिसतात. मी उलटं केलं. खिडकीपाशी नेलं, चष्मा पुसून बघितलं. एक गाठ नाही. दोरा कुठे सुरू झाला नि कुठे संपला ते सापडेना. उसवायला टोक मिळेना! मी तुम्हाला म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, मला लाज वाटली. अर्धी सकाळ एका बदकाला लागली. एकेक टाका सुईनं वर काढायचा, कापड ओढायचं नाही, कापायचं नाही. तुमची लेक बघून गेली, मग चहा ठेवून गेली.

तार होतीच, बरं का. केसाएवढी, दोऱ्याला पीळ देऊन बसवलेली. फोटोवाल्या दादांना मी ती रिळावर गुंडाळून नेऊन दाखवली. ते म्हणाले, "बघा." मी म्हटलं, "बघितलं. पण काम बघा केवढं होतं." त्यांनी दुपटं उलटसुलट करून, सगळीकडून बोट फिरवून मगच हो म्हटलं.

कापडावर आता बदक नाही, नुसती सुईची भोकं आहेत. पण मोठेरावांना काय, त्यांनी तोच कोपरा धरला. पाजलं, गुंडाळलं, कानात बोळे, वर कानावर टोपीसारखं काहीतरी. आत सरकवलं. मला नि तुमच्या लेकीला काचेपलीकडे बसवलं. असा आवाज, विहीणबाई, जणू पत्र्याच्या छपरावर कुणी टेबलं ओढतंय. आणि हा झोपलाय! तुमची लेक माझा हात धरून बसली होती. नखं रुतवली. अजून खुणा आहेत. तुमच्यावर गेलीय, पकड पक्की. फोटोवाले दादा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "आजी, तुमचा नातू माझ्या ड्युटीतल्या माणसांपेक्षा गाढ झोपतो."

अजून एक राहिलं. ते मी दोन्ही पत्रांत लिहिलं नाही. आता उभ्यानं लिहिते, म्हणजे लवकर संपेल.

दुपारी त्याला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले की माझा डोळा लागतो. आधी लागायचा. जाग यायची तेव्हा तो मांडीवरच असायचा, हसत. पण मधल्या वेळेचं मला काय माहीत? तुम्ही लेकीला विचारलंत ना, पडला का म्हणून, तेव्हा मी एवढी का पेटले? कारण तो प्रश्न तुमच्या आधी माझ्याच मनात येऊन बसला होता. रक्त निघालं असतं, तर तुम्ही काही म्हणायच्या आधी मीच माझी पिशवी भरली असती.

कालच्या गुरुवारी, आत जायच्या आधी, डॉक्टरीणबाईंना मी एकटीला गाठलं आणि सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "आजी, एवढं बाळ खुर्चीवरून पडलं असतं तर तुमची झोप शाबूत राहिली असती का? सगळी इमारत गोळा झाली असती. तरी आता फोटोत कळेलच. आणि हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, बाळाचे आईबाप डॉक्टर असले तरी. त्यात आरोप नसतो." मग बोट उगारून म्हणाली, "पण झोप आली की बाळ पाळण्यात. मांडीवर नाही, खुर्चीत तर नाहीच. कबूल?" मी कबूल म्हटलं. आता दुपारी तो पाळण्यात आणि मी शेजारी, दोघं घोरतो.

तेव्हा तुम्ही विचारलंत ते डॉक्टरनं विचारलं त्याहून वेगळं नव्हतं. फक्त तुम्ही मला विचारायला हवं होतं, लेकीला नाही.

आणि सीटीचं. तेही लिहून टाकते, आज हात मोकळा आहे. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की आमच्या विहीणबाई सीटी सीटी करतात. तिनं विचारलं, का बरं? मी सांगितलं, व्याही जिन्यावरून पडले होते, तेव्हा सीटीनं दोन मिनिटांत आतलं रक्त दाखवलं आणि माणूस वाचला. त्यानंतर कितीतरी वर्षं जगले, दर सुट्टीत मला पत्त्यांत हरवून गेले. खोटं खेळायचे, पण जगले. ती म्हणाली, "मग त्यांचं बरोबर आहे. बाळ तसं पडलं असतं, उलट्या करत असतं, सुस्त झालं असतं, तर मीही सीटीच केलं असतं, त्याच क्षणी. यंत्र वाईट नसतं, आजी. कुठल्या वेळेला कुठलं, एवढंच बघायचं." हे मी जसंच्या तसं लिहिलंय. स्वतःच्या पदरचं काही घातलं नाही, हवं तर तिला विचारा.

आता कामाचं.

असं पाणीवालं मोठं डोकं बहुतेक वेळा घराण्यातून येतं, म्हणे. लहानपणी कुणाचं तरी असंच होतं आणि कुणी मोजलंच नाही. कुणाचं ते कळलं तर कागदावर लिहून ठेवायचंय, पुढच्या खेपेला कुणी उगाच घाबरायला नको. आमच्याकडून कोणी नाही. माझं तर मुलांच्या दुकानातलं. माझ्या मालकांची टोपी कपाटात आहे, लेकाच्या डोक्यावर शेंडीसारखी बसते. उरलात तुम्ही. त्या भल्यामोठ्या अंबाड्याखाली काय दडलंय ते इतकी वर्षं कुणालाच माहीत नाही. तेव्हा टेप घ्या. शिवणाच्या बाईंच्या घरात टेप सापडत नाही हे मी ऐकून घेणार नाही. अंबाडा सोडा, भुवईच्या वरून, मागे जिथे डोकं सगळ्यात फुगीर आहे तिथून फिरवा, आणि ओढू नका, खरं माप लिहा. व्याह्यांची जुनी कानटोपी ठेवली असेलच तुम्ही. ती धुवू नका, पाठवू नका. बरोबर आणा.

दुपटं मी खिडकीत वाळत घातलंय. उजेड मागून आला की भोकाभोकांतून बदक दिसतं. अख्खं. चोच, शेपूट, सगळं. मी दुकानात होते तशी डोळा बारीक करून बघत उभी राहिले, तुमची लेक मला हसली. त्या भोकांवरूनच पुन्हा भरता येईल, आखायला नको. साध्या दोऱ्यानं, पिवळ्या. मला जमणार नाही. मी टाका घातला तर बदकाचा कावळा होईल. तारेचा दोरा रिळावर आहे, पण तो मी पाठवणार नाही, आणि दुपटंही पाठवणार नाही. मोठेराव ते दुपारी सोडत नाहीत. ज्याला भरायचं असेल त्यानं इथे येऊन, तो जागा असेल तेवढ्या वेळात भरावं. खिडकीपाशी उजेड चांगला आहे. खुर्ची रिकामी आहे.

लेक तुम्हाला आणायला येतो म्हणतो. मी म्हटलं, आधी त्यांचं उत्तर येऊ दे.

ते उत्तर तुम्हीच द्यायचं, विहीणबाई, तुमच्या अक्षरात, डोक्याच्या मापासकट. लेकीकरवी निरोप आला तर मी फोन कट करीन. कसा करायचा ते तुम्हीच शिकवलंय.

तुमची,
लहान डोक्याची विहीण